काचेवर काळा रंग नसतो

शिलालेखाचा ठसा घेणारा माणूस अक्षराला शाई लावतच नाही. दगड घासूनपुसून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत तो कोरलेल्या खाचांमध्ये बसवायचा आणि मग शाईचा बोळा वरून हलकेच थापत जायचा. बोळा खाचेत उतरत नाही. त्यामुळे काळी होते ती अक्षराभोवतीची जागा आणि अक्षर कागदाच्या रंगाचंच राहतं. वाळलेला कागद सोडवून घेतला, की दगडावर डोळे ताणूनही जी ओळ लागत नव्हती ती घडाघडा वाचता येते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं अशा काळ्या कागदांवरून आलेलं आहे. १०१० मध्ये पुरं झालेलं हे देऊळ पहिल्या राजराज चोळाने बांधलं, हे आज तिथला कुणीही शाळकरी पोरगा सांगेल. एकोणिसाव्या शतकात मात्र बांधणाऱ्याच्या नावाबद्दल दंतकथांचाच सुळसुळाट होता. ऑयगेन हुल्ट्श हे जर्मन पंडित १८८६ मध्ये मद्रास सरकारचे शिलालेखतज्ज्ञ झाले, त्यांनी जोत्यावरचे तमिळ लेख वाचून छापले आणि राजराजाचं नाव त्याच्या देवळाला पुन्हा चिकटलं. देवाला सोन्याची भांडी कुणी दिली, एक दिवा अखंड तेवता ठेवायला किती मेंढ्या लावून दिल्या, चारशे नर्तकी कुठल्या कुठल्या गावच्या देवळांतून आणून वसवल्या, असा सगळा जमाखर्च त्या जोत्यावर आहे. देवळाभोवती फिरणारा माणूस हजार वर्षांच्या हिशेबवहीला हात लावत फिरत असतो, फक्त ती वाचत नसतो.

वाचता यावी म्हणून आता चष्मा येऊ घातला आहे. साध्या चष्म्यासारखाच दिसणारा, समोरचं जग आरपार दाखवणारा आणि त्या जगावर अक्षरं उमटवणारा. तमिळ लेखाकडे बघितलं की शेजारी मराठी अर्थ तरंगेल, मूर्तीकडे बघितलं की तिचं नाव येईल, अशी त्याची जाहिरात असते. कारखान्यांत, शस्त्रक्रियागृहांत, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बोलणं लिहून दाखवायला असे चष्मे वापरातही आले आहेत. आपल्या ठाण्यातली एक कंपनी ‘अजनालेन्स’ या नावाने डोक्यावर चढवायची अशी यंत्रं बनवते. यंत्रं हलकी होत चालली आहेत, स्वस्तही होतील. अडतं ते एका जुन्याच गोष्टीपाशी: उमटलेलं अक्षर वाचता येत नाही. आणि का येत नाही, हे समजून घ्यायला तंजावरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथे उन्हाने तळपणारा ग्रॅनाइट आहे, काळोखी गाभारा आहे, दगडावर तमिळ आहे, मराठी आहे, मराठी राजांच्या वाड्यातल्या दप्तरांत मोडी आहे, आणि काचेवर चित्र काढणाऱ्यांची जुनी परंपराही आहे.

चष्म्याचं यंत्र थोडक्यात असं. काडीच्या आत तांदळाच्या काही दाण्यांएवढा प्रोजेक्टर बसवलेला असतो. त्याचा प्रकाश भिंगाच्या कडेतून आत शिरतो, काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटत आपटत पुढे जातो आणि डोळ्यासमोर आला की काचेवरच्या अतिसूक्ष्म रेघांमधून बाहेर पडून बुबुळाकडे वळतो. या रचनेला वेव्हगाइड म्हणतात. बाहेरच्या जगाचा प्रकाश त्याच काचेतून नेहमीसारखा येतच असतो. डोळ्यात पोचते ती दोन्हींची बेरीज. सगळं दुखणं या बेरजेत आहे. चष्मा प्रकाश घालू शकतो, काढून घेऊ शकत नाही. फोनच्या पडद्यावर काळा ठिपका म्हणजे काळा ठिपका. चष्म्यात काळा म्हणजे प्रकाश शून्य, आणि प्रकाश शून्य म्हणजे तिथून पलीकडचं जग आरपार दिसणार. काळं अक्षर लिहायचं म्हटलं तर ते अदृश्य होतं. पांढरं लिहिलं तर त्याच्या मागे काय आहे, त्यावर त्याचं नशीब अवलंबून.

ठसेवाल्याच्या हातात जे होतं तेच नेमकं या यंत्राच्या हातात नाही. त्याला पार्श्वभूमी काळी करता येत होती.

ही अडचण नवी नाही. १९६८ मध्ये हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलंड यांनी बॉब स्प्राउल या विद्यार्थ्याबरोबर डोक्यावर चढवायचं पहिलं आरपार यंत्र केलं तेव्हाही अर्धपारदर्शक आरशातून अशीच बेरीज होत होती. यंत्र जड, छताला टांगलेलं. १९९२ मध्ये बोइंगच्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल यांनी विमानातल्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांसाठी असंच काही सुचवलं. त्याही आधीपासून लढाऊ विमानांत वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे दाखवत आलेत. आपल्या ‘तेजस’मधली अशी काच चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने घडवली. वैमानिकाचे आकडे हिरवे का असतात, याचं कारणही तिथेच सापडतं: दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, आणि एकाच अरुंद पट्ट्यातला हिरवा वापरला की काचेवर तेवढाच रंग परतवणारा थर देऊन बाकीचं आकाश जवळपास जसंच्या तसं आत येऊ देता येतं. शिवाय वैमानिकाला निबंध वाचायचा नसतो. उंची, वेग, दिशा. मागे बहुतेक वेळा आकाश. देवळाच्या भिंतीपुढे उभ्या माणसाची गत वेगळी.

एक ढोबळ हिशेब करून बघू. सकाळच्या तिरप्या उन्हात उभ्या भिंतीवर साठ हजार लक्सच्या आसपास उजेड पडतो. ग्रॅनाइट त्यातला तीसेक टक्के चहूकडे विखरून परत फेकतो असं धरलं, तर (त्या तीस टक्क्यांना पायने, म्हणजे ३.१४ ने, भागून) भिंतीची उजळता येते सुमारे ५,७०० निट. काही वर्षांपूर्वीच्या चांगल्या चष्म्यांची अक्षरं ५०० निटच्या घरात असत. बेरीज ६,२००. म्हणजे अक्षर आणि भिंत यांचं प्रमाण १.०९ ला १. वेबवरच्या मजकुरासाठी जगभर मान्य असलेला नियम साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा उठाव मागतो. १.०९ म्हणजे भर दुपारी गच्चीवर पडदा न बांधता सिनेमा लावण्यासारखं आहे.

मेटा आणि रे-बॅन यांचा २०२५ मध्ये आलेला पडदेवाला चष्मा कमाल ५,००० निट देतो असं कंपनी सांगते. त्याने प्रमाण १.८८ वर जातं. तरी पुरत नाही. म्हणून त्याची भिंगं उन्हात काळवंडणारी असतात. भिंगाने बाहेरचा फक्त २० टक्के प्रकाश आत सोडला तर भिंत १,१४० निटवर उतरते, अक्षराला हात लागत नाही, आणि प्रमाण ५.४ होतं. जमलं! फक्त आता तुम्ही बृहदीश्वराचं देऊळ गॉगलमधून बघता आहात. सकाळच्या उन्हात त्या दगडावर जो मधाळ रंग चढतो, तो बघायला माणसं लांबून येतात. अक्षरं वाचण्यासाठी तोच झाकावा लागला, तर हा सौदा मला तरी महागात पडल्यासारखा वाटतो.

उजेडाचा हिशेब मात्र अर्धाच. उरलेला अर्धा पोताचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या जोसेफ गॅबर्ड यांनी एडवर्ड स्वान आणि डेबोरा हिक्स यांच्यासह २००५-०६ च्या सुमारास माणसांना आरपार यंत्र लावून उघड्यावर, खऱ्या उजेडात, वेगवेगळ्या पार्श्वभूमींसमोर उभं केलं आणि अक्षरं ओळखायला लावली. त्यातून निघालं ते असं: भडक लाल अक्षरं टाळा, भरघोस हिरवी चालतात, अक्षरांमागे स्वतःची प्रकाशाची पाटी लावली तर फार बरं, आणि गुंतागुंतीच्या पोतासमोर लिहूच नका. पाटीचा उपाय ऐकायला सोपा आहे. पण पाटीसुद्धा प्रकाशाचीच असणार, ती मागचा दगड झाकत नाही, त्यावर चढते. आणि पाटी जितकी मोठी तितका देऊळ बघायला आलेल्या माणसापुढे देऊळ कमी.

यात तंजावरची खास गोम अशी, की इथला पोत म्हणजे अक्षरंच आहेत. अक्षर ओळखताना डोळा त्यातल्या सगळ्याच बारकाव्यांवर सारखा विसंबत नाही. १९९४ मध्ये जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली यांनी दाखवलं, की एका अक्षराच्या रुंदीत तीनेक वेळा गडद-फिकट होणाऱ्या नक्षीवरच आपण मुख्यतः अक्षर वाचतो, आणि नेमक्या त्याच मापाची दुसरी नक्षी मध्ये आली तर वाचन कोसळतं. बारीक खरखर असली तर फारसं बिघडत नाही, मोठा डाग असला तरी फारसं बिघडत नाही. त्याच आकाराच्या रेघा आल्या की संपलं. म्हणजे अक्षराचा सगळ्यात वाईट शेजारी दुसरं अक्षर. तमिळ ओळीवर तिच्याच उंचीची मराठी ओळ आणून ठेवणं, जे भाषांतर करणाऱ्या फोनमधल्या ॲपना फार आवडतं, ते आरपार काचेवर सर्वांत निकृष्ट ठरणार. फोन निदान मूळ ओळ पुसून तिच्या जागी आपली लिहितो. चष्म्याला पुसता येत नाही.

एकाच भिंतीवर दोन गोष्टी आल्या की काय होतं, याचा धडा त्याच देवळात आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक राजवटीतली चित्रं होती. १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना त्यांच्याखाली चोळांची चित्रं आढळली. सहाशेएक वर्षांचं अंतर असलेल्या दोन चित्रांनी एकच भिंत वाटून घेतलेली. दोन्ही एकदम दिसणं शक्यच नव्हतं. शेवटी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी नायकांचा थर अलगद सोडवला, फायबरग्लासच्या पाटांवर बसवला आणि खालची चोळ चित्रं मोकळी केली. ती मार्गिका सर्वसाधारण लोकांना खुली नसते. बाहेर छायाचित्रं बघून समाधान मानावं लागतं.

आता काचेकडे येऊ. तंजावर म्हटलं की सोन्याचा वर्ख आणि रंगीत खडे लावलेली लाकडी पाटावरची चित्रं आठवतात, पण मराठ्यांच्या काळात तिथे काचचित्रंही रुजली; चिनी कारागिरीतून आलेली ही रीत तिथले मराठी राजे सरफोजी यांच्या दिवसांत चांगलीच बहरली. काचचित्र उलटं काढतात. उलटा आराखडा काचेखाली ठेवायचा आणि काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं. कागदावर आधी जमीन, मग अंग, मग दागिना, शेवटी डोळ्याची रेघ. काचेवर क्रम फिरतो: आधी डोळ्याची रेघ, नथ, हाराचे मणी, मग त्यांच्या मागे अंगाचा रंग, त्याच्या मागे वस्त्र, सगळ्यांत शेवटी जमीन. एकदा अंगाचा रंग भरला की रेघ सुधारता येत नाही. काही ठिकाणी रंगाच्या जागी चुरगळलेला चमकीचा कागद मागे लावतात, म्हणजे उजेड पडला की दागिना लकाकतो. पण शेवटचा थर अपारदर्शक. तो बसला नाही तर कृष्णाच्या पोटातून घरातलं कपाट दिसेल.

हा शेवटचा थर मिळवण्यासाठी प्रयोगशाळांत वीस-पंचवीस वर्षं खटपट चालू आहे. जपानचे कियोशी कियोकावा यांनी २००० च्या आसपास बाहेरच्या प्रकाशाच्या वाटेत एलसीडीची जाळी घालून जिथे आकृती येणार तेवढाच भाग बंद करणारं यंत्र केलं. जमलं, पण त्यासाठी भिंगांची अशी रांग लागली, की ते चष्मा म्हणून मिरवणं अवघड. २०२२ मधल्या मॅजिक लीप २ या यंत्रात भिंगाचे तुकडे तुकडे वेगळे अंधारवता येतात. इथे नवीच मेख आहे. अंधारवणारा थर डोळ्यापासून बोटभर अंतरावर असतो आणि नजर दोन मीटरवरच्या भिंतीवर. इतक्या जवळच्या गोष्टीच्या कडा डोळ्याला धूसरच दिसतात. म्हणून अक्षराच्या आकाराची धारदार सावली पाडता येत नाही, अक्षरांमागे मऊ काजळी पसरल्यासारखी होते. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे. ठसेवाल्यालाही प्रत्येक अक्षराची कड वेगळी रंगवावी लागत नव्हती.

वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात याच्या उलट युक्ती सापडते. ताडपत्रावर लोखंडी टोकदार लेखणीने अक्षर कोरतात, आणि कोरल्यावर ते जवळजवळ दिसत नाही. मग पानावर काजळीचं मिश्रण चोळायचं आणि पुसून टाकायचं. काळं खाचेत राहतं, पान स्वच्छ होतं. दगडावर जमीन काळी, पानावर अक्षर काळं. दोन्हींत काळा आहेच. वाचता येणं म्हणजे काय, हा प्रश्न लिपी शिकण्याच्या आधी शाईशी जाऊन भिडतो, हे या एका गावात जितकं स्वच्छ कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल.

आता मराठी वाचकाच्या खास जिव्हाळ्याची भिंत. व्यंकोजी भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे मराठी गादी होती. त्यातले सरफोजी दुसरे, राज्यकाळ १७९८ ते १८३२, श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. हातातली सत्ता जवळपास सगळी कंपनी सरकारकडे गेलेली, पण ग्रंथ, शस्त्रवैद्यक, छपाई, संगीत यांत माणूस पुरता बुडालेला. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. पुण्यामुंबईत मराठी छपाई रुळायला अजून अवकाश होता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी बृहदीश्वराच्या प्राकारातल्या नैऋत्येकडच्या भिंतीवर मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. मजकूर चिटणीस बाबूराव यांचा. जगातल्या मोठ्यांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी तिथे उभा राहतो, छाती फुगवतो, एक फोटो काढतो आणि पहिल्या तीन ओळींनंतर पुढे सरकतो. त्याला दोष देता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची राजदरबारी भाषा, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, वाक्य कुठे तुटतं त्याची खूण नाही, आणि अक्षराचा रंग दगडाचाच.

अशा भिंतीसमोर चष्म्याने काय करावं? मला विचारलं तर पूर्ण मजकूर अजिबात दाखवू नये. तो पुस्तकात छापून आलेला आहे, घरी जाऊन वाचता येतो. चष्म्याने एवढंच करावं: तुम्ही बघता आहात ती ओळ कुठे सुरू होते, ते एका बारीक प्रकाशरेषेने दाखवावं, शब्द तोडून द्यावेत आणि अडलेल्या एका शब्दाचा अर्थ भिंतीच्या कोऱ्या पट्ट्यावर, ओळीच्या बाहेर मांडावा. मूळ अक्षरांहून मुद्दाम वेगळ्या मापात. वाचायचं दगडावरच.

माप या शब्दापाशी देवनागरीचा स्वतंत्र संसार सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या आपल्या आरपार यंत्रासाठी मार्गदर्शन लिहिलं, त्यात दोन मीटरवरच्या अक्षराची उंची डोळ्याशी निदान ०.३५ ते ०.४ अंशाचा कोन करील एवढी असावी असं म्हटलं आहे. हा आकडा रोमन अक्षरांचा. वर सांगितलेला २०२५ चा चष्मा एका अंशात ४२ ठिपके देतो, म्हणजे ०.४ अंशाला सतरा. सतरा ठिपक्यांत इंग्रजी अक्षर आरामात बसतं. मराठी ओळीला मात्र मजले असतात. मधे अक्षराचं अंग, वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार किंवा पाय मोडल्याची खूण. सगळ्यांना सतरात कोंबलं तर अंगाच्या वाट्याला आठनऊ ठिपके येतात. तेवढ्यात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक टिकवणं कठीण, आणि ‘ष्ट्र’ तर राहूच द्या. म्हणून मराठी मजकुराला इंग्रजीच्या दीडपट उंची देऊन ओळी कमी करणं हा शहाणपणाचा हिशेब. चष्म्याची खिडकी मुळात वीसेक अंशांची. त्यातली बरीचशी देवळालाच सोडायची, तर मराठीच्या तीन ओळीही पुष्कळ.

शिवाय तेजाळ अक्षराचा स्वभाव वेगळा. कागदावरची काळी शाई थोडी पसरली तर अक्षर जाड दिसतं. काचेवर पांढरा प्रकाश पसरला तर अक्षराच्या पोटातली पोकळी भरून येते. ‘ब’च्या पोटातली रेघ, ‘ष’मधली तिरकी रेघ आधी बुडतात. बारीक टंक घेतला तर पोकळी वाचते, पण उन्हात रेघच विरते. यातली मधली वाट एकदा ठरवून भागत नाही, उजेडाप्रमाणे टंकाचं वजन बदलायला हवं; आजच्या टंकांना ते जमतं, फक्त देवनागरीत त्या मापाने कुणीतरी घडवून घ्यावे लागतात. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा टंक घडवला तेव्हा ठोकळेबाज पडद्यांचं तंत्र समजून घेऊन तो पडद्यावर बसवावा लागला होता. तसंच काम पुन्हा करावं लागणार. शिरोरेषेचा मात्र इथे फायदा व्हावा असं वाटतं: अक्षरं खडबडीत दगडावर विखुरली तरी ती प्रकाशाची सरळ रेघ ओळ सांभाळून धरील. फक्त देवळाच्या जोत्याला आडव्या थरांच्या रेघाच रेघा आहेत. तिथे शिरोरेषा दगडाच्या रेघेवर जाऊन बसली तर आणखी पंचाईत.

मोडीची तऱ्हा त्याहून वेगळी. सरस्वती महालात मराठी दरबाराची हजाराहून अधिक दप्तरं मोडीत आहेत, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद छापला आहे. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत हात न उचलता पळायचं, ही मोडीची चाल. ओळी दाट, शब्द सलग. तिच्यावर देवनागरी तरंगवणं म्हणजे सॉलोमन-पेलींचा वाईटातला वाईट प्रसंग. इथे मला उलटं करावंसं वाटतं: कागद टेबलावर, डावीकडे काळा जाड पुठ्ठा, आणि चष्म्याने देवनागरी त्या पुठ्ठ्यावर उमटवावी. पुठ्ठ्याची किंमत किरकोळ, आणि काळा रंग फुकट मिळाला. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, त्यामुळे वाचलेला मजकूर मोडीतच साठवून शोधताही येतो. ग्रंथालयातल्या उजेडावर आपला ताबा असतो, ही केवढी मोठी सोय आहे हे उन्हातला हिशेब केल्यावर कळतं.

अंधारातली तक्रार याच्या नेमकी उलटी. उन्हातून देवळाच्या आत शिरलं, की उजेड साठ हजारांवरून वीसेक लक्सवर येतो. भिंत दोन निटचीही नसते. ५०० निटचं अक्षर तिथे अडीचशे पट झळाळतं आणि बाहुली आक्रसून टाकतं. अक्षर वाचता येतं, भिंत दिसेनाशी होते. चांगले चष्मे उजेड मोजून आपोआप मंद होतात खरे, पण डोळा अंधाराला रुळायला मिनिटं घेतो आणि यंत्र क्षणात बदलतं. जरा दम धरायला यंत्राला शिकवावं लागेल. आणि उजेड मोजायचा, मागचा पोत ओळखायचा, तर कॅमेरा हवा. गाभाऱ्याजवळ कॅमेऱ्याला मनाई. यावर तोडगा एकच, आत गेल्यावर चष्मा काढून खिशात ठेवणे, आणि तो वाईट नाही.

डोळ्याबद्दल बोलतोच आहोत तर सरफोजींच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेचा उल्लेख टाळता येत नाही. तिथे नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवत, सोबत रुग्णाच्या डोळ्याची रंगीत चित्रं काढून. मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियांचीही नोंद आहे, आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी हे कागद अभ्यासून त्यांवर लिहिलं आहे. चष्मे बनवणाऱ्यांनी ते जरूर बघावेत. प्रत्येक डोळ्याचं वेगळं चित्र काढावंसं वाटणं हीच त्यातली बघण्यासारखी गोष्ट. देवळात येणाऱ्यांत साठीपुढचे यात्रेकरू खूप, आणि मोतीबिंदू नुकता धरू लागलेल्या डोळ्यात तेजस्वी अक्षराभोवती वलय पसरतं. पंचविशीतल्या अभियंत्याला जे १.९ च्या प्रमाणात कसंबसं वाचता येतं ते आजींना ५ च्या प्रमाणातही लागत नाही. अंतराची गोष्ट आणखी साधी आहे. होलोलेन्ससारख्या यंत्रात अक्षराची प्रतिमा दोन मीटरच्या आसपास पक्की बसवलेली असते. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहिलं तर भिंत आणि अक्षर एकाच अंतरावर, डोळे सुखी. नाक लावून जोत्यावरचा लेख बघायला गेलं तर अक्षर दगडाच्या आत दीड मीटर खोल तरंगतं, आणि दोन डोळे एकमेकांशी भांडतात. मान वर करून साठपासष्ट मीटर उंच शिखर बघताना चष्म्यातली ओळ मधेच हवेत लोंबकळते. अशा वेळी लिहूच नये.

आणि हे सगळं जमलं, तरी कोणासाठी कुठल्या लिपीत लिहायचं हा प्रश्न तंजावरात उरतोच. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. घरात तंजावरी मराठी, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. त्यांतल्या अनेकांना सरफोजींच्या भिंतीवरची भाषा ऐकली तर निम्मी कळेल, पण देवनागरी वाचता येत नाही. यंत्रात ‘मराठी’ निवडलं की देवनागरीच येते. तमिळ लिपीत मराठी लिहायची म्हटली, तर क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. छापील पुस्तकांत अशा वेळी अक्षराच्या खांद्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे टाकून ते वेगळे करतात. सतरा ठिपक्यांच्या ओळीत हे आकडे सगळ्यांत आधी गळणार, आणि ‘घर’ आणि ‘खर’ एकच होऊन बसणार. या घरांसाठी काडीतल्या स्पीकरमधून भिंत वाचून दाखवणं जास्त सोपं पडेल. त्यासाठी तंजावरी मराठीतला आवाज आधी कुणीतरी मुद्रित करून ठेवायला हवा. ते काम आजच्या फोनवरही होण्यासारखं आहे, आणि तंजावर, कुंभकोणम, चेन्नई इथली ही बोली बोलणारी वडीलधारी माणसं आहेत तोवरच होण्यासारखं आहे.